तिसऱ्या प्रतीचा नाला

गोंदियाला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसले की माणसाचा वेगाविषयीचा अभिमान गळून पडतो. चांद्याकडे जाणारी ही गाडी बांध्यांमधून (भाताच्या बांध घातलेल्या शेतांमधून) अशी जाते, की जणू वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाची तिला चौकशी करायची आहे. धान कापणीला आले होते. माझ्या डब्यातली निम्मी माणसे विळे घेऊन बसली होती आणि उरलेली त्या विळ्यांपासून जपून बसली होती.

मी नागपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवतो. माशांशी माझा संबंध ताटापुरता. पण माझा वर्गमित्र पाटणकर सरकारच्या मत्स्यखात्यात आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत त्याने मला सोबतीला बोलावले. नवेगावच्या मोठ्या तलावाला येऊन मिळणारे सगळे नाले पायी हिंडून त्यांचा नकाशा करायचा आणि प्रत्येकाची माशांच्या दृष्टीने प्रत ठरवायची, असे त्याचे काम होते. रोहू आणि मिरगल या माशांची जात बंद पाण्यात अंडी घालत नाही. पावसाळ्यात ती तलावातून प्रवाहाविरुद्ध नाल्यात चढते, उथळ गवताळ पाण्यात अंडी घालते आणि परत फिरते. पिल्ले सावलीतल्या डोहांत थोडी मोठी होतात. ज्या नाल्यात हे सगळे नीट होते तो नकाशावर निळा, जिथे जेमतेम होते तो पिवळा, जिथे होत नाही तो लाल.

लाल रंगाचा अर्थ एवढाच नव्हता. लाल नाल्यांवर पाटबंधारे खाते भिंत घालणार होते आणि पाणी धानाकडे वळवणार होते. निळ्याला कुणी हात लावायचा नव्हता. मात्र ही गोष्ट गावात बोलायची नाही, असा पाटणकरला वरून हुकूम होता. कळले तर प्रत्येक गाव शिफारस घेऊन दारात उभे राहील, ही भीती.

अर्जुनीला उतरलो तेव्हा शाळेपुढे मांडव होता. पाहणीचा शुभारंभ होता. प्रमुख पाहुण्यांनी वेदकाळातील मत्स्यपालनावर भाषण केले, मग नव्या द्विभाषिक मुंबई राज्यावर केले आणि शेवटी दोन्हींचा संबंध जोडला. त्यानंतर नकाशाला हार घालण्यात आला. नकाशा अर्थात कोरा होता. कोऱ्या कागदाचा सत्कार मी तोवर पाहिला नव्हता. माझे काही विद्यार्थी तिथे असते तर सुखावले असते.

बंडीने (बैलगाडीने) नवेगावला पोचलो. तिन्ही बाजूंनी जंगलाच्या टेकड्या आणि मध्ये पाणी, इतके की पलीकडच्या काठावरचा माणूस उभा आहे की झाड, हे सांगता येत नाही. थंडीची बदके येऊ लागली होती. ढिवर (इथले मासेमार) डोंग्यांतून जाळी काढत होते. जेवायला लाखोरीची डाळ, नव्या तांदळाचा भात आणि जवसाच्या तेलात केलेले मासे होते. जवसाच्या तेलाचा वास पहिल्या घासाला परका वाटतो. तिसऱ्या घासाला आपण तो विसरतो.

दुसऱ्या दिवसापासून चालणे. पाटणकर नाल्यात उतरे, काठी टाकून खोली पाही, तळाची वाळू मुठीत घेऊन चोळी, वरच्या झाडांकडे बघे आणि डोहाशी हलकेच बसून राही. त्याच्याजवळचा तक्ता परदेशातून आला होता. तिकडे सामन नावाचा मासा समुद्रातून नदीत चढतो, त्याच्यासाठी तो केलेला. त्यात ‘बर्फ किती महिने राहते’ असा एक रकाना होता. पाटणकर प्रत्येक नाल्यापुढे तिथे गंभीरपणे आडवी रेघ मारी. रकाना गाळायची परवानगी नव्हती. मी हसलो तेव्हा तो म्हणाला, “हसू नकोस. बाकीचे प्रश्न चांगले आहेत. सावली विचारलीय, तळ विचारलाय. आपल्याकडे आजवर नाल्याला हे कुणी विचारलं नव्हतं.” कामाच्या बाबतीत तो असा सरळ आहे.

असे हिंडत आम्ही जंगलालगतच्या एका टोल्यावर (लहान वस्तीवर) आलो. तिथला नाला कहूनाला. कहू म्हणजे आपला अर्जुन सादडा. त्याची पांढऱ्या खोडांची मोठी झाडे दोन्ही काठांनी ओळीने उभी होती. लांबून पाहूनच पाटणकरने निळी पेन्सिल काढली. वाट दाखवायला सोमाजी नावाचा गृहस्थ होता. थोडे धान करणारा, थोडे जाळे टाकणारा, डोक्याला घट्ट मुंडासे. मागून चारपाच जण आपणहून आले.

“याच्यात काई नाई जी,” सोमाजी चालता चालता म्हणाला. “नाला कायचा? म्हशी धुवाचा खड्डा होये.”

खरोखरच डोहात म्हशी बसलेल्या होत्या. पहिल्या डोहात, दुसऱ्यात, त्याच्या वरच्यातही. पाणी ताकात माती कालवल्यासारखे. मी काठावर पाय ठेवला आणि माझी एक चप्पल चिखलाने ठेवून घेतली ती कायमची.

“पावसात रोहू चढते का इथे?” पाटणकरने विचारले.

“रोहूले काय येड लागलं, इकडं याले?”

“मासोरी सोडा,” मागून एक जण म्हणाला, “इथं बेडूक बी राहाले तयार नाई.”

सगळे मनापासून हसले. मला ते चमत्कारिक वाटले. आजवर पाहिलेल्या प्रत्येक गावात एक तरी गोष्ट जगात पहिली असते; निदान विहिरीचे पाणी तरी. स्वतःच्या नाल्याची एवढ्या उत्साहाने निंदा करणारे गाव मी पहिल्यांदाच पाहत होतो. पाटणकर मात्र दिसेल ते लिहिणारा. त्याने बराच वेळ वाट पाहिली, चिखलात हात घातला, निळी पेन्सिल खिशात ठेवली आणि कहूनाला लाल रंगवला. सोमाजीने मान वाकडी करून नकाशा पाहिला.

“लाल मंजे खराब ना जी?”

“खराब. तिसरी प्रत.”

“बरं झालं,” सोमाजी म्हणाला आणि आम्हाला आग्रहाने घरी जेवायला घेऊन गेला.

घर त्याच्या थोरल्या भावाचे. भाऊ वारलेला, घराचा कारभार भावजय बिजाबाईकडे. तिने पानात भात वाढला आणि वर तळलेले बोटाएवढे मासे.

“खा गुरुजी,” ती मला म्हणाली. “बोडीतले होये, ताजे.” बोडी म्हणजे घरामागचे लहानसे तळे.

पाटणकरने मासा उचलला, उलटा करून पाहिला आणि खाल्ला नाही. “ही रोहूची पिल्लं आहेत. बोडीचं पाणी बंद. त्यात ही आली कुठून?”

“कहूनाल्यातली होये. परवा आमी साऱ्या बाया तेच तं बोडीत आणून राहिलो होतो, घागरी भरभरून.”

“वयनी, भात वाढ,” सोमाजी म्हणाला.

“वाढून राहिली ना. तू काऊन डोरे वटारतं गा?”

सोमाजी पाणी प्यायला आणि त्याने सांगून टाकले. “बा होता तवा पैमाशवाले आले. जमीन मापाले. बानं मोठ्या खुशीनं सांगतलं, माही बांधी कन्हार हाय, सोन्यावानी. त्याइनं तसंच लिवलं. मंग सारा असा वाढला का बांधी गेली, आन बा मरेपर्यंत सोतालेच शिव्या देत होता. बाजूच्यानं सांगतलं, माही बरड हाय. त्याची बांधी आमच्या बांधाले लागून. तो मजेत राहिला. तवापासून या गावात मापाची काठी दिसली का आमी सारं बरडच सांगतो.”

“आणि म्हशी?”

“सकारी घातल्या. तलाव मालगुजाराचा गेला, सरकारचा झाला, मासोरीचा लिलाव होऊन राहिला. नाला चांगला निघाला तं त्याचा बी होईन.”

जमीनमहसुलाच्या बंदोबस्ताचे परिणाम सांगा, हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालतो. हे उत्तर अजून कुणी लिहिलेले नाही.

पाटणकरने पानावरचा हात मागे घेतला. “सोमाजी, इथं उलटं आहे. लाल नाल्यावर भिंत पडणार. पाणी खालच्या गावांच्या धानाला जाईल. तलावातून मासा वर चढायचा नाही.”

सोमाजीच्या आधी बोलली ती बिजाबाई.

“मंग आधी काऊन नाई सांगतलं?”

“सांगायचा हुकूम नव्हता.”

“आन आता हाय?”

“आता पण नाही.”

तिने परात खाली ठेवली. मग दिराकडे वळली. “आन तुले सायेबाले एवढं इचाराले तोंड नव्हतं, का बाप्पा कायले मापता? मोठा शायना. बापानं खरं सांगून बांधी घालवली, तू खोटं सांगून नाला घालव.”

सोमाजीने मुंडासे काढून मांडीवर ठेवले.

जेवण तसेच टाकून आम्ही परत नाल्यावर गेलो. म्हशी हाकलल्या, पण गढूळलेला डोह माणसांच्या घाईने निवळत नाही. आम्ही काठावर बसलो. कहूची पाने एकेक करून चिखलात पडत होती. पाटणकरचा पुढचा सारा कार्यक्रम ठरलेला होता. इथे आणखी मुक्काम करणे त्याच्या हातात नव्हते. एवढ्यात बिजाबाई आणि इतर बाया डोक्यावर घागरी घेऊन आल्या. घागरींत बोडीतली पिल्ले होती.

पाटणकर उठून उभा राहिला. “बाई, हे मला लिहिता येणार नाही. तुम्ही ओतलेले मासे मी मोजले, तर ती घागरीची प्रत होईल, नाल्याची नाही.”

मला त्याचा राग आला. एक रंग बदलायचा तर होता. पण त्याचा चेहरा पाहिला आणि गप्प राहिलो. एकदा चुकीची माहिती मिळाली म्हणून आता दुसरी सोयीची माहिती तो घेणार नव्हता.

“नोका मोजू,” बिजाबाई म्हणाली. “तुमाले कोन मोजाले सांगून राहिलं? इथली होये, इथं सोडून राहिलो.”

ती पाण्यात उतरली आणि घागर अगदी पाण्याला टेकवून वाकडी केली. बाकीच्याही उतरल्या. गढूळ पाण्यात पिल्ले दिसेनाशी झाली. आमच्याकडे कुणी काही मागितले नाही. मागितले असते तर तिथे थांबणे सोपे गेले असते.

पाटणकरने खिशातून पाते काढले आणि नकाशावरचा लाल रंग खरवडला. कागद तिथे इतका पातळ झाला की उजेडाकडे धरला तर पलीकडची झाडे दिसावीत. त्या जागी दुसरा रंग न देता त्याने बाजूला लिहिले: ‘पावसात पुन्हा पाहावा.’ आणि खाली सही केली.

समारोपाला अर्जुनीत तोच मांडव, तेच पाहुणे, हार मात्र ताजा. पाहुण्यांनी नकाशा निरखला.

“हा एक पांढरा राहिला वाटतं?”

“राहिला नाही. ठेवलाय,” पाटणकर म्हणाला.

“पण खाली सूचीत रंग तीनच आहेत.”

“हो. त्याचा रंग आषाढात ठरेल.”

पाहुण्यांना पांढरा आवडला नाही, हे दिसत होते. नकाशाचे छायाचित्र काढायचे होते. पाटबंधाऱ्याचे इंजिनीयर शेजारीच बसले होते. आषाढापर्यंत थांबतो, असे ते म्हणाले, पण पुढच्या आषाढापलीकडे थांबणार नाही हेही त्यांनी हसत सांगितले. खालच्या गावांनाही पाणी हवे आहे, आणि त्यांचे हवे असणे खोटे नाही.

मांडवाच्या बाहेर सोमाजी उभा होता. टोल्यावरून चालत आला होता.

“आमचा नाला कोन्त्या रंगात हाय जी?”

“पांढरा.”

“पांढरा मंजे चांगला का खराब?”

“अजून माहीत नाही. पावसात परत पाहायचा आहे.”

त्याने यावर विचार केला. “मंग पावसात या. आमी खरं सांगू.”

“सांगू नका,” पाटणकर म्हणाला. “म्हशी तेवढ्या दूर ठेवा.”

सोमाजी हसला नाही. मान हलवून परत निघाला.

परतीच्या गाडीत पाटणकर झोपला. मी खिडकीशी होतो. पायांत अर्जुनीच्या बाजारात घेतलेल्या, अजून चावणाऱ्या चपला होत्या. पाटणकरची तोवर बदली झाली नाही, तर तो आषाढात जाईल. बदली झाली, तर जो येईल त्याच्यापुढे एक पांढरी रेघ, एक सही आणि तीनच रंगांची सूची असेल. सरकार आणि माणसे एकमेकांची माहिती घेतात ती अशी, दोघेही आपापले गुपित सांभाळून. आणि मी ज्या जुन्या कागदांवरून इतिहास शिकवतो तेही कुणीतरी असेच भरलेले असणार. कुठल्या बरड शेतात खरे काय पिकत होते, हे आता विचारायला कुणी नाही.

देवलगावच्या पुढे गाडी एका नाल्याच्या पुलावरून गेली. खाली डोहात म्हशी बसल्या होत्या. त्या आपणहून बसल्या होत्या की कुणी बसवल्या होत्या, हे मला वरून कळले नाही.