बाळूच्या कमरेचा भोकाचा पैसा

मंडळी, सकाळपासून एकच फोटो पाहून राहिली मी. कशातच लक्ष नाही.

माझी लेक परदेशात शिकते. तिनं तिथल्या म्युझियममधून तो धाडला. ब्राँझचं इवलंसं चाक, मधे भोक. युरोपातले जुने केल्ट लोक असे ताईत लेकरांना बांधायचे म्हणे. हा एका बाळाच्या कबरीत सापडला. खाली लेकीनं लिहिलं, "मम्मी, किती क्यूट ना!"

मले आमचा बाळू आठवला.

सत्तरच्या दशकात आम्ही नंदनवन नावाच्या वस्तीत राहायचो. बाबांनी छप्पन साली बौद्ध दीक्षा घेतलेली, तेव्हापासून घरात गंडे-ताईत बंद म्हणजे बंद. पण माझा लहान भाऊ बाळू तापानं फणफणला, तेव्हा मायनं बाबांच्या चोरून जुना भोकाचा पैसा काळ्या दोऱ्यात ओवला अन् त्याच्या कमरेला बांधला.

बाळू वाचला नाही.

त्याला पुरायला न्यायच्या वेळी काकांना तो दोरा दिसला. बाबांचा स्वभाव त्यांना माहीत, म्हणून ते तोडायलाच निघाले. माय खाली मान घालून उभी होती.

बाबा म्हणाले, "राहू दे गा. एकटा चालला तो. मायच्या हातचं काही तरी असू दे त्याच्यापाशी."

आज ते चाक काचेच्या पेटीत, दिव्याखाली चमकून राहिलं.

तुम्हीच सांगा, त्या बाळाच्या मायले कोणी विचारलं असतं, तर तिनं ते काढू दिलं असतं का?