आयफोन, अँड्रॉइड आणि आमचा पांढरा

आयफोन घ्यायचं मी ठरवलं ते एका नवरीमुळे. इस्लामपुरात माझं पार्लर आहे आणि लग्नसराईत मी नवरीच्या मेकअपच्या ऑर्डरी घेते. मलकापूरची एक मुलगी आईला घेऊन आली. तिने दर विचारला नाही, केसांचं विचारलं नाही, खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, फोटो आयफोनवर काढता ना?" माझ्याकडे होता तो साधा अँड्रॉइड. मी म्हटलं, "ह्याच्यातही छान येतात की." तिने आईकडे बघितलं, आईने तिच्याकडे बघितलं, आणि त्या दोघी गेल्या त्या गेल्याच. माझा हात कसा चालतो हे कुणी बघितलंसुद्धा नाही! मला असा संताप आला की त्याच रात्री मी धाकट्या भावाला फोन लावला.

"तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय का आक्का?" तो म्हणाला.

माझं माहेर इस्लामपूरपासून जवळच आहे, आणि त्या गावात माझा भाऊ म्हणजे अँड्रॉइडचा वकील. त्याच्या फोनला दोन सिमं, वर मेमरी कार्ड. एकदा तो फोन उसाच्या पाटात पडला, एकदा ट्रॅक्टरवरून खाली आला, तरी वाजतो आहे. त्या मेमरी कार्डात गाणी नाहीत की पिक्चर नाहीत, सगळे बैलगाडीच्या शर्यतींचे व्हिडिओ. कारण भावाने शर्यतीसाठी एक खोंड अगदी वासरू होता तेव्हापासून वाढवला होता. आम्ही त्याला नुसतं पांढरा म्हणायचो. ह्या पांढऱ्याला अंडी, दूध, उडदाची डाळ. भावाला चहा वेळेवर मिळाला नाही तरी चालेल, पांढऱ्याचा खुराक चुकायचा नाही.

आण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, हे अजिबात पसंत नव्हतं. पोरगा उसाकडे बघत नाही, बैलाकडे बघतो, हा त्यांचा रोजचा विषय. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, "ह्या हंगामात गुलाल लागला तर ठेवायचा. न्हाईतर इकायचा. व्यापारी बघून गेलाय." आमच्याकडे शर्यत जिंकणाऱ्या बैलावर गुलाल उधळतात. पांढरा गटाच्या फेरीत पहिला यायचा, सेमीही काढायचा, आणि फायनलला कुणीतरी पुढे निघायचं. गुलाल काही त्याच्या अंगाला लागला नव्हता.

तर अशा वातावरणात भाऊ माझ्याबरोबर सांगलीला आला, जुने फोन विकणाऱ्या दुकानात. नवा आयफोन मला झेपणारा नव्हता. दुकानदाराने एक काळा फोन पुढे ठेवला. भावाने तो उचलला, उलटा केला, कडा चाचपल्या, सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीची तब्येत बघितली. मी म्हटलं, "आता दात बघायचे तेवढे राहिले." तो गंभीरपणे म्हणाला, "म्हातारा हाय आक्का. दुपारपातूर बसंल खाली." दुकानदार हसला आणि म्हणाला, वापरून बघा, नाहीच पटला तर महिन्याच्या आत आणा, बदल्यात चांगला अँड्रॉइड देतो. मी फोन पर्समध्ये टाकला आणि एसटीत बसल्यावर चार वेळा बाहेर काढून बघितला. इतकी खूश मी लग्नात नवी साडी नेसतानासुद्धा नव्हते!

पहिला आठवडा मात्र विचारू नका. मी हौसेने फोन लगेच चालू करून बसले आणि मग कळलं की जुन्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप इकडे आणायचं तर फोन कोरा पाहिजे. म्हणजे सगळं पुसा आणि पुन्हा श्रीगणेशा. मागे जायचं बटण कुठे म्हणून मी स्क्रीनचा तळ दाबत बसायची. कीबोर्डवर ळ सापडेना, त्यामुळे दोन दिवस मी सगळ्यांना 'वेल मिलाला की सांगते' असं पाठवत होते. चार्जरची पिन वेगळी, माहेरी गेलं की अख्ख्या घरात एकाचाही चार्जर चालायचा नाही. भाऊ आपला चार्जर माझ्यासमोर हलवून दाखवायचा. "घे की! अगं घे की!" आणि बॅटरी खरंच दुपारी मान टाकायची.

पण कॅमेरा! मोगऱ्याच्या गजऱ्यातली एकेक कळी वेगळी दिसायची. पैठणीचा जांभळा जांभळाच यायचा, निळा नाही. आणि तो स्लो मोशन. नवरीने गिरकी घेतली की पदर हवेत असा सावकाश उलगडायचा की मी स्वतःच तोंडाचा आ करून बघत राहायची.

आता ह्यातही गंमत बघा. माझा जुना फोन न सांगता सगळ्यांना गोरं आणि गुळगुळीत करायचा. हा नवा जे आहे ते दाखवायचा. मलकापूरच्याच दुसऱ्या एका नवरीने फोटो बघितला आणि तिचा चेहरा पडला. "ताई, हनुवटीवरचा फोड दिसतोय." मी म्हटलं, "बाई, तो आहे." ती म्हणाली, "आहे हो, पण दिसतोय." आधी आयफोन हवा म्हणून अडून बसणाऱ्या बायका आता विचारायला लागल्या, ताई, तुमचा आधीचा फोन कुठाय? मी वैतागले. एकीकडे खरे रंग, दुसरीकडे दिवसभर टिकणारी बॅटरी, सगळ्यांना चालणारा चार्जर आणि खूश गिऱ्हाईक. शेवटी मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, सोमवारी या. भावाला सांगितल्यावर त्याने फोनवरच शिट्टी मारली.

त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, माळावर शर्यतीचं हंगामातलं शेवटचं मैदान होतं. पांढऱ्याला शेवटची संधी. मी सकाळीच माहेरी गेले आणि आई, चुलती आणि मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून शर्यत बघायला निघालो. मैदानात बायका फारशा खाली उतरत नाहीत. आमची ट्रॉली शर्यत संपते त्या निशाणाच्या पट्टीच्या बरोबर समोर लागली, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, त्यामुळे धूळ पलीकडे जात होती. तरी मी तोंडाला स्कार्फ आणि डोळ्यांना गॉगल लावून पक्की बांधाबांध केली होती.

पांढरा गटात पहिला. सेमीत पहिला! भाऊ खालून ओरडला, "आक्का, आज बघच तू!" मला हसू आवरत नव्हतं. फायनलच्या गाड्या सुटल्या तशी, बॅटरी राखायला तोवर पर्समध्ये ठेवलेला फोन मी वर धरला. आदल्या दिवशी नवरीच्या पदराचा व्हिडिओ काढल्यापासून कॅमेरा स्लो मोशनवरच राहिला होता, हे माझ्या ध्यानातही नव्हतं. माळाच्या टोकाला धुळीचा लोट उठला, त्यातून आधी एक काळा बैल दिसला, मग आमचा पांढरा, आणि मग दोघे एकमेकांना असे खेटून आले की मी काय ओरडत होते ते मलाच कळत नव्हतं. आई माझा दंड धरून उड्या मारत होती. माझी आई, जिचे गुडघे दुखतात!

पट्टी ओलांडली आणि गोंधळ सुरू झाला. अर्धं मैदान म्हणतंय काळा, अर्धं म्हणतंय पांढरा. मैदानाचा कॅमेरा पलीकडच्या बाजूला, त्यात सगळी धूळच आली होती. भावाच्या मित्रांनी आपापले फोन काढले. प्रत्येकाच्या व्हिडिओत दोन धुरकट ठिपके, आणि ज्याला जो हवा तो पुढे दिसायचा. मी माझा व्हिडिओ लावला आणि ओरडले, "माझ्याकडे स्पष्ट आहे!"

"टाक की मग हिकडं!" भाऊ खालून म्हणाला.

टाकणार कसा? गर्दीत नेटवर्क नाही. त्या सगळ्यांचे अँड्रॉइड नेटशिवायच एकमेकांना बसल्या जागी व्हिडिओ पाठवत होते, आणि माझा एकटा फोन त्यांच्यात सोयरिक न जुळलेला. शेवटी मी फोनच खाली दिला. तो माणसांच्या डोक्यांवरून, हातोहात, पंचांच्या मंडपाकडे निघाला. मी त्याच्याकडे बघत होते आणि म्हणत होते, पाडू नका रे, अजून सोमवार यायचाय.

मंडपात पोचेपर्यंत कुणाचा तरी अंगठा बाजूच्या बटणावर पडला आणि फोनला कुलूप लागलं. पंच वयस्कर होते. त्यांनी स्क्रीन दाबली, झटकली, धोतराला पुसली. मग भोंग्यावरून पुकारा झाला, "आवं, ह्या फोनला चेहरा पायजे म्हणं! फोन ज्या बाईंचा हाय त्यांनी आपला चेहरा घिऊन पंचांकडं यावं!"

अख्खं मैदान हसलं. पासकोड ओरडून सांगायचा तर बँकेपासून नवरी मुलींच्या फोटोंपर्यंत सगळं घर उघडं. मी चुलतीकडे बघितलं. ती म्हणाली, "जा की. तुझाच हाय न्हवं चेहरा?"

मी ट्रॉलीतून उडी मारली. पुरुषांची गर्दी दुभंगत गेली आणि मी चालत राहिले. खरं सांगू, मला लय भारी वाटत होतं! इतकी वर्षं मैदान ट्रॉलीतून बघितलं होतं, आज मातीवरून चालले होते. मंडपात जाऊन मी गॉगल काढला, स्कार्फ सोडला आणि सगळ्यांसमोर फोनकडे बघितलं. कुलूप उघडलं. पंच म्हणाले, "आयला!"

एका बाजूला भाऊ, मागे आण्णा, दुसऱ्या बाजूला काळ्या बैलाचा कासरा धरून त्याचा मालक, आणि मधे मी. अंगठ्याने मी व्हिडिओ इंच इंच पुढे सरकवायला लागले. बैलांच्या तोंडची लाळ हवेत तरंगताना दिसत होती. पट्टी जवळ आली. आणि मला ते सगळ्यांच्या आधी दिसलं. काळ्याचं नाक पट्टीवर होतं. पांढऱ्याचं किंचित मागे.

माझा अंगठा स्क्रीनवर तसाच राहिला. मला वाटलं, हाच जुना फोन असता तर धूळ तरी आली असती मधे. भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता. मी अंगठा उचलला आणि फोन पंचांसमोर धरला. कुणी काही बोलायच्या आत भावाने वाकून बघितलं, सरळ झाला, शेजारच्या परातीतला गुलाल मुठीत घेतला आणि काळ्या बैलाच्या पाठीवर उधळला. "काळ्याचा गुलाल!" तो ओरडला. आवाज मात्र त्याचा फाटला. मला रडू आलं, आणि त्याचा इतका अभिमान वाटला की तिथेच मिठी मारावी.

घरी जाताना आम्ही पुन्हा ट्रॉलीत बसलो. पांढरा मागच्या गाडीत होता आणि भाऊ त्याच्याजवळ. आण्णा माझ्या शेजारी बसले होते. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, "ते परत लाव." मी लावलं. "अजून एकदा." मग त्यांनी स्वतःच बोट टेकवून व्हिडिओ नेमका त्या जागी थांबवला आणि दोन नाकांच्या मधे करंगळीचं नख ठेवलं. नख ती जागा भरून वर उरलं.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच, आण्णा."

"काळा तालुक्यात एक नंबर हाय. आन आपला एवढाच मागं?" त्यांनी पुन्हा फोनकडे बघितलं. "आसला बैल इकतंय कोण?"

ट्रॉलीतूनच त्यांनी व्यापाऱ्याला फोन लावून नाही म्हणून सांगितलं, आपल्या अँड्रॉइडवरून, कारण माझी बॅटरी तोवर शेवटाला आली होती. मागच्या गाडीला हात करून मी भावाला ओरडून सांगितलं. त्याला ऐकू गेलं नाही, मग मी पुन्हा ओरडले, मग आईही ओरडली. त्याने पांढऱ्याच्या मानेवर डोकं ठेवलं ते घर येईपर्यंत उचललं नाही.

सोमवारी मी सांगलीला गेले नाही. आधी वाटलं मंगळवारी जाऊ. तो व्हिडिओ मी आण्णांच्या फोनवर पाठवला होता, पण पाठवताना तो पार धुरकट झाला. "ह्यात नाक कुठं हाय?" म्हणून त्यांनी तो बघायचंच सोडलं. आण्णा रोज सकाळी दूध घालायला इस्लामपुरात येतात. मंगळवारी ते किटली घेऊन पार्लरच्या दारात उभे राहिले. आत पुरुषांना येता येत नाही, म्हणून पडद्यातून नुसता हात आत घातला. "जरा तुझा फोन दे गं."

तेव्हापासून ते रोज येतात. आतल्या बायका आता त्या हाताला ओळखतात. फोनचं कुलूप काही त्यांना उघडत नाही आणि पासकोड सांगितला तरी त्यांच्या ध्यानात राहत नाही. मग मीच पडद्याबाहेर जाते. चष्मा कपाळावर चढवून, फोन दोन्ही हातांत धरून ते तो माझ्या तोंडासमोर आणतात, कुलूप उघडेपर्यंत थांबतात, आणि फोनच्या वरून माझ्याकडे बघत राहतात. मी त्या घरात वाढले, तिथून लग्न होऊन आले, पण आण्णांनी असं थांबून माझ्या चेहऱ्याकडे कधी बघितलेलं मला आठवत नाही. फोन काही मी बदललेला नाही.