हनुवटीने म्हटलेलं 'नाही'

सेराफिनाबाई शाळेत कधीच वेळेवर यायच्या नाहीत. वाटेतल्या संत्र्याच्या बागा फुलल्या की त्या वासात बाई हरवून जात. शेजारच्या वर्गावर गणित शिकवता शिकवता मी मनातल्या मनात चरफडायचो.

आंधळ्या मुलांनाही गावच्याच शाळेत घ्यायचं, असा कायदा आला, तेव्हा आमच्याकडे निन्फा आली. जन्मापासून दृष्टी नाही. तिच्या मदतीला बाईंना नेमलं. ब्रेलचे उठावाचे ठिपके चाचपत पोर भराभर वाचू लागली, पण मधल्या सुट्टीत उन्हात भिंतीला टेकून एकटीच उभी असायची. तिची आई व्हिता मला म्हणाली, "मास्तर, इस्टरनंतर हिला शहरातल्या अंधशाळेत ठेवते. तिथे निदान मैत्रिणी तरी मिळतील." निन्फाला जायचं नव्हतं. तिच्या पुटपुटलेल्या 'नाही'कडे कोण लक्ष देतंय!

बाईंनी मात्र नेमकं हेरलं. आम्हा सिसिलीच्या लोकांचं अर्धं बोलणं हातांनी चालतं. पोरं तोंड मिटून भांडत, बेत ठरवत, आणि निन्फाला वाटे, सगळे एकाएकी गप्प का झाले?

"ये गं इकडे," म्हणत बाईंनी तिची पाचही बोटं जुळवली आणि हात वरखाली हलवला. "हे 'काय म्हणतेस?' गालावर बोट फिरव, हे 'झकास'. आता हनुवटी वर, आणि जिभेने चक्. म्हणजे 'नाही'. ठाम नाही!"

"बाई, तिचं 'काय' उलटं झालंय!" वर्गातली मेलिना ओरडली आणि स्वतःच तिचा हात सरळ करायला धावली. मग पोरं आपापल्या खुणा निन्फाच्या तळव्यात ठेवू लागली. ते दिवस मला अजून स्वप्नासारखे वाटतात. अंगणभर संत्र्याच्या फुलांचा तो गोड वास, आणि कितीतरी हात एका हातात बोलताहेत. माझी चरफड कुठे गेली कोण जाणे.

इस्टरच्या सुट्टीआधी व्हिता न्यायला आली. "चल, सुट्टीनंतर शहरात जायचंय, सामान बांधू."

निन्फाने हनुवटी उचलली. चक्.

व्हिता जागच्या जागी थिजली. हनुवटी उचलायची थेट पोरीच्या बापाची ऐट! सवयीने तिची बोटं जुळली, 'काय म्हणतेस?' म्हणत हात हवेत हलला. निन्फाला ते कुठून दिसणार?

"काकू, तिच्या हातात द्या ना!" मेलिना म्हणाली.

व्हिता वाकली. जुळलेली बोटं तिने लेकीच्या तळव्यात ठेवली. निन्फाने ती चाचपली, हसली आणि पुन्हा हनुवटी उचलली.

व्हिताचे डोळे भरून आले. "बरं बाई," ती म्हणाली, "नाही तर नाही."