बिराजी काकांची अर्धी भाकरी

सुनेनं फडकं सोडलं आणि त्यातली अर्धी भाकरी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"अर्धी खाल्ली, अर्धी ठिवली," ती म्हणाली. "सायबानं अर्धीच सांगितलीती."

साहेब म्हणजे मी. पाटोद्यातल्या एका दवाखान्यात डाएटिशियन. आतल्या खाटेवर तिचे सासरे, बिराजी काका, ग्लुकोजची बाटली लावून पडले होते. मेंढरांमागं चालता चालता घामाघूम होऊन माळावर कोसळले होते. शुगर एवढी उतरलेली की सुनेला ओळखेनात.

डॉक्टरांनी भाकरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय सांगितलं होतंस यांना?"

"सर, डायबिटीस आहे म्हणून कार्ब्स अर्धे केले."

"आणि गोळी?"

"तुम्ही दिलेलीच. पूर्ण."

"मला विचारलंस?"

मी शर्टाचं बटण तपासलं. जागेवर होतं.

तुम्हाला सोपं करून सांगतो. पेशंटलाही असंच सांगायचो, फार ऐटीत. भाकरी, भात म्हणजे कार्ब्स, शरीराचं रोजचं सरपण. डाळ, दूध, अंडी यांतलं प्रोटीन म्हणजे डागडुजीचा माल. झिजलेलं त्यानं भरून निघतं. तेल-तुपातलं फॅट म्हणजे अडीनडीचा साठा. तिन्ही लागतात. किती, ते माणूस दिवसभर काय करतो त्यावर. हे शेवटचं वाक्य मला तोंडपाठ होतं. परीक्षेत त्याचे मार्कही मिळाले होते.

काकांना मी विचारलंही होतं, "काम काय करता?"

"काई न्हाई. मेंढरामागं असतो."

माझ्या डोळ्यांसमोर कॅलेंडरवरचं चित्र आलं. झाडाखाली घोंगडीवर टेकलेला म्हातारा, समोर चरणारी मेंढरं. मी त्यांच्या आहाराच्या चार्टवर 'हलकं काम' लिहिलं. प्रत्यक्षात काका सकाळी निघायचे ते दिवस मावळेपर्यंत डोंगर चढत-उतरत असायचे. म्हणजे चूल पेटलेली तशीच, सरपण मी अर्धं केलेलं, आणि वर शुगर उतरवणारी गोळी पूर्ण.

"रोज उरलेली अर्धी कुठं जायची?" मी सुनेला विचारलं.

"कुत्र्याला. लई माजलंय."

माझ्या सल्ल्यानं बाळसं धरलेला पेशंट तेवढा एकच.

काका वाचले. डॉक्टरांनी गोळी कमी केली. "घरी जाऊन सगळ्यांना नीट समजावून ये," मला म्हणाले. मी हो म्हणालो. मग ओपीडीला गर्दी झाली, मग एक लग्न निघालं, मग गाडी पंक्चर झाली. पंक्चर तर मी स्वतःलाच मारलेली थाप होती. त्या दारात जायची लाज वाटत होती.

गेलो तेव्हा मेंढरांचा वाडा रिकामा होता. काटेरी कुंपण तसंच. कुत्रं तेवढं भुंकत आलं. खरंच माजलं होतं.

"मेंढरं कुठंयत?"

"इकली," काकांचा मुलगा म्हणाला. "चालून चालूनच पडले न्हवं? परत माळावर पडले तर कोन बगणार?"

"अरे, चालल्यानं नाही पडले. भाकरी कमी पडली. चालणं तर त्यांच्या शुगरला चांगलंच होतं."

"मंग आदी कावून न्हाई सांगितलं?"

या वेळी बटण तपासायचंही सुचलं नाही.

काका बाजेवर बसले होते. काठी भिंतीला टेकवलेली. सुनेनं ताट आणलं. मी घाईनं म्हणालो, "काका, आता पूर्ण भाकरी खात जा."

"नगं सायेब." त्यांनी भाकरी मोडली आणि अर्धी कुत्र्यापुढं टाकली. "तुमचं आता बराबर हाय. बसल्या मानसाला अर्धीच लागती."

हल्ली मी पेशंटला आधी विचारतो, काल दिवसभर कुठं कुठं गेलात? भाकरीचं नंतर. काकांपुरता मात्र माझा चार्ट शेवटी बरोबर ठरला. माणूसच चार्टप्रमाणे झाला.