बारा बाटल्या, एक सुई

डॉक्टरांच्या कंपाउंडरने जऊळक्याच्या एका हमालाला फसवलं आणि शिव्या मी खाल्ल्या. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. मालेगावात वाशीम रोडवर माझं मेडिकल होतं. त्याआधी कित्येक वर्षं मी सायकलवरून गावोगाव गोळ्या-मलमं विकली होती. दुकानाच्या नावाला कोणी बोट लावलेलं मला खपत नसे.

हा हमाल जऊळका स्टेशनवर पोती उचलायचा. त्याचं नाव सांगत नाही, तसा शब्द दिला आहे. दुकान रिकामं होईपर्यंत तो समोरच्या झाडाखाली थांबला. मग काउंटरला येऊन हळूच म्हणाला, "शेठ, तुमच्या बाटल्यात पानी होतं."

त्याला परमा झाला होता. लघवीच्या जागेतून पू येतो, आग होते. संबंधातून लागतो आणि नवऱ्याकडून बायकोकडे जातो. तेव्हा त्यावर पेनिसिलिन चालायचं. डॉक्टरांनी चार लाख युनिटच्या बारा बाटल्या लिहून दिल्या होत्या, एकाच बैठकीत घ्यायच्या. त्या त्यानं माझ्याच दुकानातून नेल्या होत्या. डोस कमी पडला तर जंतू मरत नाहीत. चार दिवस दबून बसतात आणि पुन्हा उठतात.

मी भडकलो. "माल कंपनीचा आहे. तूच पुन्हा गेला असशील तिथं!"

"नाई गेलो, शेठ."

"हो चालता!"

तो गेला. पाच दिवसांनी पुन्हा आला. पू तसाच होता. या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बायको पोटुशी हाये. बाळंतपनाले धनजले धाडली. तिले बी आग होते म्हनते. लेकराले काई होईन का?"

होणार होतं. बाळ येताना तो पू डोळ्यांत जातो. वेळेत औषध झालं नाही तर डोळे जातात. आता मला रागापेक्षा संशय जास्त आला. मी विचारलं, "सुया किती टोचल्या?"

"एक. डाव्या बाजूले."

बारा बाटल्यांचं औषध एका सिरिंजमध्ये मावतच नाही. निम्मं एका कुल्ह्यात, निम्मं दुसऱ्यात द्यावं लागतं.

"रिकाम्या बाटल्या पाहिल्या?"

"कायच्या पाहतो? भितीकडं तोंड करून उभा होतो."

तिथेच सगळं उलगडलं. आमच्याकडे रीत अशी, की इंजेक्शनं दुकानातून रोग्यानं विकत घ्यायची आणि दवाखान्यात नेऊन कंपाउंडरच्या हातात द्यायची. तापाच्या रोग्याजवळ चार माणसं उभी असतात. ती पाहतात, विचारतात. परम्याचा रोगी एकटा येतो, पडद्यामागे भिंतीकडे पाहतो आणि पळतो. उरलेल्या बाटल्या कंपाउंडरनं खिशात घालायच्या आणि दुसऱ्याला विकायच्या.

मी तडक दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "पेशंटचं नाव सांगा."

"नाव नाही सांगणार."

"मग तक्रार कोणाची?"

"माझी."

"तुम्हाला झाला होता का परमा?"

बाकावरचे रोगी हसले. कंपाउंडर पडद्याआडून म्हणाला, "शेठ, बाटल्या तं तुमच्याच खपतात. मंग चिडून कायले राह्यले?" मी त्याची कॉलर धरली. डॉक्टरांनी मलाच बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी गावात बोभाटा झाला, की माझ्या दुकानात पाण्याची इंजेक्शनं मिळतात.

हमालाशी मी सौदा केला. "तुझ्या बारा आणि तिच्या बारा, चोवीस बाटल्या मी देतो. पण तिला धनजहून आण. दोघं वाशीमच्या सरकारी दवाखान्यात जा. टोचताना भिंतीकडे नको, सुईकडे तोंड करून उभा राहा."

"सासऱ्याले काय सांगू?"

"काहीही सांग. पण आण."

स्वतःचं इंजेक्शन त्यानं दुसऱ्याच दिवशी घेतलं आणि बरा झाला. सासऱ्यापुढे जायला मात्र त्याला आठ दिवस लागले. तो धनजला पोचला तेव्हा मुलगी तीन दिवसांची होती. तिचे दोन्ही डोळे पुवाने चिकटले होते. आजी त्यात आईच्या अंगावरचं दूध पिळत होती. कारंजाच्या दवाखान्यात बाळाला आणि आईला पेनिसिलिन मिळालं. पोरीचा उजवा डोळा वाचला. डाव्या बुबुळावर पांढरं फूल पडलं, ते आजही आहे.

पाच दिवस मी त्या माणसाला खोटं ठरवण्यात घालवले. ते माझ्याकडे लागतात, नाकारत नाही. शहाणपण एवढंच मिळालं, की लाजेचा आजार असला तरी सुया मोजून घ्याव्यात आणि बायकोचंही औषध त्याच दिवशी करावं.

कंपाउंडरने पुढे दुसऱ्या गावी स्वतःचीच डॉक्टरची पाटी लावली. त्याला मी काय विचारणार? मी विचारतो ते डॉक्टरांना. चिठ्ठी तुमची, दवाखाना तुमचा, पडदाही तुमचा. बारा बाटल्या आत जाताना तुम्हाला दिसत होत्या, तर एकदाही उठून पडद्यामागे का पाहिलं नाही? तुम्हाला रोग्याचं नाव हवं होतं ना? ती पोर आता मोठी झाली आहे. तिच्यासमोर बसा आणि उत्तर द्या.