बाजारापुरती गोंडी

मला गोंडी येते, असं मी वीस वर्षं लोकांना सांगत आलो. येते ती बाजारापुरती. अब्बांची बांगड्यांची पेटी घेऊन मी तरुणपणी आरमोरीहून जंगलातले आठवडी बाजार करायचो. केवढ्याला, महाग आहे, मोठी दाखव, फुटली, परत घे. असे पन्नासेक शब्द. एवढ्यावर बांगड्या विकता येतात. पुढं मी एका दैनिकाचा वार्ताहर झालो आणि एवढ्याच शब्दांवर बातम्याही विकल्या.

नागपूरच्या कार्यालयात माझी ओळख 'गोंडी जाणणारा आपला माणूस' अशी करून देत. मी कधी नाही म्हटलं नाही. गावात लोक बोलायचे, मी मान डोलवायचो आणि परतताना बसमध्ये अवतरणचिन्हं टाकायचो. 'आम्हाला विकास हवा,' असं ग्रामस्थ म्हणाले. म्हणाले असतील. खोटं लिहितोय असं वाटायचं नाही. उरलेलं मनानं भरतोय, इतकंच.

सात वर्षांपूर्वी ते परदेशी आले. लढाई चाललेल्या देशांत दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवणारी त्यांची संस्था. एक पिकल्या केसांची बाई आणि एक उंच गृहस्थ. आधी गावकऱ्यांचं ऐकायचं, मग सरकारी आणि जंगलातले, अशा दोन्हीकडच्या बंदूकवाल्यांशी बोलून पाहायचं, असा बेत होता. दुभाषी म्हणून माझं नाव कुणीतरी सुचवलं. मी हो म्हटलं.

धानोऱ्याच्या पुढं एका गावात, अंगणवाडीच्या ओसरीत, एक म्हातारी आमच्यासमोर बसली. खाली बघत, न रडता बराच वेळ बोलली. मला 'मुलगा' कळलं, 'बाजार' कळलं, आणि चार-पाच वेळा आलेला एक शब्द कळला: परत. बांगडी हातात जात नसली की बायका म्हणतात तो. ती थांबली. परदेशी बाई माझ्याकडे बघत होती. पुन्हा सांगा, असं म्हणायला हवं होतं. शेजारी अंगणवाडीच्या बाई होत्या, त्यांची तर घरातली बोलीच ती. त्यांना विचारायला हवं होतं. पण मग मी कशाला आलो होतो?

मी इंग्रजीत सांगितलं, "तिला जुने दिवस परत हवे आहेत. मुलं निर्धास्त बाजारात जायची, ते दिवस."

परदेशी बाईचे डोळे भरून आले. तिनं वाक्य लिहून घेतलं आणि म्हातारीचा हात हातात घेतला. म्हातारीला वाटलं, पोहोचलं. त्यांचा अहवाल त्याच वाक्यानं सुरू झाला. माझ्या बातमीचा मथळाही तोच.

दोन महिन्यांनी धानोऱ्याच्या बसस्टँडवर अंगणवाडीच्या बाई भेटल्या.

"भाऊ, त्या बुढीच्या पोराचं काई समजलं का?"

"कोणत्या पोराचं?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. "बाजारातून येताना बंदूकवाल्यायनं नेला ना त्याले. कोणाचे होते, तिले ठाऊक नाई. तुमी दोन्हीकडं जाऊन राह्यले, त विचारा, माहा पोरगा परत द्या, असंच त म्हणत होती थे. तुमी काय सांगतलं त्यायले?"

"सांगितलं ना. सगळं सांगितलं."

बस आली. मी चढलो. ती माझ्या गावाची नव्हती.

तेव्हाही दुरुस्ती करता आली असती. परदेशी अजून नागपुरात होते, दोन्हीकडे निरोप जात होते. मी केली नाही. बोलणी पुढं सरकली नाहीत, ते लोक निघून गेले. मुलगा आला नाही.

गेल्या वर्षी त्यांचं पत्र आलं. आमचं कुठं चुकलं, हे त्यांनी स्वतःच मांडलं होतं: थोडे दिवस राहिलो, मोठ्या गाड्यांतून गेलो, ऐकण्याआधीच निष्कर्ष काढून बसलो होतो. स्वतःबद्दल इतकं कठोर लिहिलेलं मी वाचलं नव्हतं. आम्ही तर दुरुस्तीही आतल्या पानाच्या कोपऱ्यात छापतो. शेवटी माझ्यासाठी ओळ होती: दुभाष्याचं काम उत्तम झालं, आपल्याला काही भर घालायची आहे का?

महिनाभर ते पत्र उघडत होतो, मिटत होतो. मग घडलं ते लिहून पाठवलं. संपादकांनाही पाठवलं. त्यांचा फोन आला.

"आता कशाला उकरतोस? कुणी तक्रार केलीये का?"

नाही. जिनं करायची, तिला आपलं म्हणणं केव्हाच पोहोचलं असं वाटत होतं.

मग गावात गेलो. म्हातारीसमोर बसल्यावर लक्षात आलं, 'मी खोटं सांगितलं' एवढं वाक्य माझ्या गोंडीत नाही. बाजारात ते लागत नाही. अंगणवाडीच्या बाईंना आधी सगळं मराठीत सांगितलं.

"बांगडी फुटकी निंघाली त बदलून देता ना भाऊ?" त्या म्हणाल्या. माझी जुनी पेटी त्यांच्या लक्षात होती. मग त्यांनी तिला सांगितलं.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. नंतर थोडंसं बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, म्हंजे इतके वर्सं कोणी विचारलंच नाई?"

"नाही."

ती पुन्हा बोलली. बाई म्हणाल्या, "लिवून घ्या म्हणते. एक-एक सांगते. तुमी वाचून दाखवा, मी तिले सांगतो."

मी वही काढली. बाजाराचा वार. निळा शर्ट, त्याला एक बटण काळं, तिनंच लावलेलं. हातात मिठाची पिशवी. मी वाचत होतो, बाई गोंडीत सांगत होत्या, म्हातारी मान हलवत होती. पिशवीपाशी तिनं हात वर केला.

"पिशवी नाई म्हणते. मीठ खांद्यावरच्या दुपट्ट्यात बांधलं होतं."

पिशवी ती बोललीच नव्हती. मी मनानं घातली होती. खोडली.