सव्वा महिन्याचं माहेर

दुष्काळाच्या साली आम्ही नवराबायको घाटावरून आलो आणि अंधेरीच्या पूर्वेला दगडखाणीच्या कडेला झोपडी घातली. माझी शाळा दुसरीत सुटली, पण हाताला काम होतं. दगड फोडायचा आणि कुणापुढं मान वाकवायची नाही, एवढंच मला येत होतं. अडलं ते कागदापाशी. झोपडीला भाडेपावती नाही म्हणून रेशनकार्ड नाही, कार्ड नाही म्हणून साखर नाही, रॉकेल नाही. तेही सोसलं.

मग बायकोला दिवस गेले. सातव्या महिन्यात पाय सुजले. म्युन्सिपालटीच्या इस्पितळात नर्सबाईनं तपासून बजावलं, "घरी बाळंत व्हायचं नाही हं, जिवावर बेतेल." पण नाव नोंदवायच्या खिडकीवर कारकून म्हणाला, "कार्ड दाखवा. आम्ही याच भागातल्या बायका घेतो." मी भांडलो. खिडकी बंद झाली.

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण हिची आई हिच्या लहानपणीच गेलेली, बापही उरला नव्हता.

खाणीखालच्या जुन्या गावठाणात एक ख्रिस्ती म्हातारी एकटीच राहायची. बायको तिच्या विहिरीवर पाणी भरायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. बायकोनं तिच्यापाशी रडून घेतलं असणार, कारण दुसऱ्या सकाळी मावशी स्वतःचं कार्ड कमरेला खोचून आमच्या दारात उभी.

"चल रं. माजी लेक हाय म्हणून सांगते."

"मावशी, मी खोटं बोलणार नाही."

"तुला बोलाय कोन सांगतं? जावयानं भायेर बाकावर बसायचं."

बसलो. तिथून सगळं ऐकू येत होतं. कारकुनानं मावशीच्या गळ्यातला क्रूस बघितला, मग बायकोचं कुंकू बघितलं.

"ही तुमची लेक?"

"मंग? तुजी बायको पयल्या बाळंतपनाला कुटं गेल्ती?"

"तिच्या आईकडं."

"तशी ही बी आयली. मी हिची आई. लिव."

मागं रांगेतल्या बायका हसायला लागल्या. कारकूनही हसला. त्याला काय कळत नव्हतं? पण त्यानं लिहिलं, त्याचंही भलं होवो.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. घरी सोडायच्या दिवशी मी टांगा घेऊन गेलो, झोपडीकडं न्यायला. तर मावशी आधीच येऊन बसलेली.

"कुटं नेतोस तिला?"

"घरी. काम झालं ना मावशी. उपकार झाले."

"कसले उपकार? सव्वा महिन्याआधी बाळंतीन माहेरून हालते का? सोंग तुज्यापुरतं असंल. मी सगळ्यांसमोर आई म्हनून लिवून दिलंय."

मी हट्टी, पण तिच्यापुढं माझं चाललं नाही. टांगा गावठाणात वळला.

तिनं बायकोला रोज न्हाऊमाखू घातलं, शेक दिला. पाचवी कशी पुजायची ते शेजारणीला विचारून आली आणि आपल्या देवाच्या फळीखाली पाटा मांडून दिवा लावला. सव्वा महिन्यानं हिरव्या बांगड्या भरून, नारळाची ओटी भरून मगच तिनं लेक माझ्या हवाली केली. मुलीच्या जन्मदाखल्यावर पत्ता मावशीच्या घराचा लागला. त्याच दाखल्यावर पोर पुढं शाळेत बसली. आमच्याकडं कार्ड आलं ते त्याच्याही नंतर.

तेव्हापासून दर वैशाखात मी तिच्या घरावर चढायचो आणि फुटकी कौलं बदलायचो. पहिल्या वर्षी मी खाली उतरलो तर ती अंगणात पैसे घेऊन उभी.

"घे रं, तुजी मजुरी."

"जावई सासूकडून मजुरी घेतो का?"

पैसे पुन्हा कमरेला खोचून ती चहा टाकायला आत गेली.